सकाळी मरणारी आरी

“सकाळी मरते अन् बारा वाजले का जित्ती होते. आमच्या घरच्या माणसावानीच हाय.”

काउंटरच्या पलीकडे बसलेली जाडशी बाई शेजारणीला हळूच म्हणाली आणि स्वतःच हसली. शेजारीण हसली नाही. मी मान वर केली तशी बोलणारी भिंतीला लावलेल्या फवारणी पंपांकडे पाहू लागली. दुकान चालवणाऱ्या माझ्या मामाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, “बंद पडून राहिली जी, पाहा बरं.”

गिऱ्हाइकं दुकानदाराला एक सांगतात आणि एकमेकांना दुसरं. दुरुस्तीला उपयोगी पडतं ते बहुतेक वेळा दुसरंच. पण ते कानावर आलं तरी पुढे विचारायचं कसं, हे मला कधी जमलेलं नाही. “तुम्ही आत्ता काय म्हणालात?” असं विचारलं तर चोरून ऐकल्यासारखं होतं. म्हणून मी विचारलं नाही. त्यांच्या पिशवीतून आरी काढली, बॅटरी बसवली, ट्रिगर दाबला.

आरी चालली. अगदी छान चालली.

“चालून तं राहिली,” मामा म्हणाला.

त्या दोघी आरीकडे अशा पाहत राहिल्या, जणू तिनं भर बाजारात त्यांची फजिती केली होती. हसणाऱ्या शकुंतलाबाई. अड्याळच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. न हसणाऱ्या ज्योत्स्नाताई. आरी गटाची होती, पण ती चालवायचं काम त्यांचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे माझं अजून येणं-जाणं आहे.

दिवाळी अंकासाठी माझ्या कामाबद्दल लिहायचं ठरल्यावर मी बरेच दिवस गोंधळले होते. माझं काम म्हणजे पवनीतल्या मामाच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल, त्यावर एक शिकंजा, एक मल्टिमीटर, आणि बिघडलेली यंत्रं. भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, मग इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून मामाकडे आले. नोकरीचं पुढे कोणी विचारलं नाही, मीही नाही. शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. यंत्रांना त्याचं काही वाटत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं.

ज्यांनी ही आरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती बंदुकीसारखी हातात धरायची असते. पुढे वीतभर लांबीचं सरळ पातं, मागे बॅटरी. ट्रिगर दाबला की पातं भराभर आत-बाहेर होतं. हाताच्या करवतीनं आपण जे करतो तेच, फक्त खांदा भरून येत नाही. वायर नाही, पेट्रोल नाही, त्यामुळे शेतात कुठेही नेता येते. आमच्याकडे धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या कडेला धुऱ्यावर बाभळी असतात. त्यांची सावली जिथवर पडते तिथवर धान नीट भरत नाही. म्हणून कापणीनंतर त्या छाटायच्या. कुऱ्हाडीनं दिवसभर लागणारं काम या आरीनं जेवणाआधी होतं.

टेबलावर येणाऱ्या बहुतेक आऱ्या बिघडलेल्या नसतातच. पात्याच्या बुडाशी एक लोखंडी टेकू असतो. तो फांदीला घट्ट दाबून धरायचा, मग पातं लाकडात जातं. लोक आरी फांदीपासून दूर धरतात. मग फांदीही नाचते, हातही नाचतो आणि लाकूड तसंच राहतं. सिहोऱ्याकडचे एक वयस्क शेतकरी नातेवाइकांकडे पवनीला आले होते, तेव्हा आरी घेऊनच दुकानात आले. माझ्या टेबलावर ती आपटून म्हणाले, “हे आरी नाही, पाळणा हाय. नातू झोपते हिच्यावर.” त्यांना टेकूचं समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी शिकंज्यात बाभळीचा तुकडा आवळला, टेकू दाबला आणि एका दमात कापून दाखवला. त्यांनी तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “असं व्हय? तं तोंडानं सांगाचं ना माय. मी काय खाऊन टाकतो?”

दुसरं म्हणजे पातं. बारीक दातांचं पातं लोखंडी पाइपासाठी, मोठ्या दातांचं लाकडासाठी. लोक एकच पातं सगळ्याला लावतात आणि आरीत जोर नाही म्हणतात. तिसरं म्हणजे बॅटरी. तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर ठेवली तर चार्जर ती घेत नाही, लाल दिवा लावून बसतो. थोडं थांबायचं असतं. एका गुरुजींना हे मामानं सांगितलं, तर त्यांनी बॅटरी लवकर थंड व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ताकाशेजारी ठेवली. बाहेर काढल्यावर तिला घाम फुटला, आणि चार्जर आता थंड बॅटरीही घेईना. गुरुजी वैतागून म्हणाले, “याला नेमकं पाहिजे तरी काय?” मला ते वाक्य फार आवडलं. मलाही यंत्रांबद्दल दिवसातून अनेकदा तेच वाटतं.

या सगळ्यातून माझा एक क्रम ठरला आहे. आधी बॅटरी, मग तिची पितळी टोकं, मग ट्रिगर, मग मोटरला वीज पोचवणारे कार्बन, मग पात्याची पकड, शेवटी पातं. पकड म्हणजे पुढची फिरणारी कडी, जी पिळली की पातं सुटतं. शकुंतलाबाईंच्या आरीचं मी हे सगळं पाहिलं. सगळं ठीक होतं. पकड तर इतकी चकाकत होती की मी मनात म्हटलं, एवढी स्वच्छ आरी या टेबलावर पहिल्यांदाच आली. बाकीच्या आऱ्यांत भुसा आणि काळं वंगण यांचा चिखल असतो.

मामानं आरी परत दिली. त्या गेल्या, आणि आठवड्याच्या बाजाराला पुन्हा आल्या. आरी पुन्हा टेबलावर, पुन्हा ट्रिगर, पुन्हा छान.

“मॅडम,” शकुंतलाबाई मला म्हणाल्या, “हे तुमाले पाहून लाजते का वो? गावात मुर्द्यावानी पडते, अन् इथं आली का नवरीवानी चालते.”

मी हसले असेन बहुतेक. उत्तर मामानं दिलं. “बाई, मशीनले काही झालं नाही. हाताचा फरक असते. कोनाच्या हातात टिकते, कोनाच्या नाही.”

मामा वाईट माणूस नाही. गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, निदान एखादं कारण तरी द्यायचं, अशी त्याची रीत. पण हे कारण त्यानं चुकीच्या माणसाला दिलं. शकुंतलाबाई एकदम सरळ बसल्या.

“मी तेच म्हणून राहिली गटात! हिच्या हाताले मशीन मानत नाही. माह्या भाच्याले ट्रॅक्टरची सवय हाय. त्याच्याकडं ठेवतो आता.”

“भाच्याचं ट्रॅक्टर दरसाली नाल्यात जाते,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं वाक्य.

“जाते तं निंगते बी! तुही आरी तं घरातून निंगत नाही सकाळी.”

ठरलं असं, की आणखी एकदा आरी बंद पडली की गटाची बैठक घ्यायची आणि ती भाच्याला द्यायची. शकुंतलाबाई बाजारात गेल्या. ज्योत्स्नाताई दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. काही विचारायचं म्हणून विचारलं, “काम चालू असताना वास येतो का? आवाज बदलतो? बॅटरी तापते का?”

“नाही जी. चालते तवा मस्त चालते.” त्या पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “आंधी लोकं मले रोजानं बलावत. भारे वाहाले. आता म्हणतात, आरीवालीले बलावा. माह्या हातातून आरी गेली का मी परत भारेवाली.”

एखाद्याला धीर कसा देतात हे मला पाहून ठाऊक आहे, करून नाही. मी रिकामा ग्लास घेतला आणि आत आले.

पुढचे काही दिवस ती आरी माझ्या डोक्यातून जाईना. जे यंत्र माझ्यासमोर बिघडत नाही त्याचं करायचं काय? डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो, तसं हे. मी कंपनीच्या पुस्तिकेत शोधलं, इंटरनेटवर शोधलं. आरी अजिबात चालत नसेल तर काय, मध्येच थांबत असेल तर काय, पातं निसटत असेल तर काय, सगळं होतं. सकाळी मरून दुपारी जिवंत होत असेल तर काय, हे कुठेच नव्हतं. आणि ते वाक्य मी ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी.

मग ज्योत्स्नाताईंचा फोन आला. आरी पुन्हा बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक होती.

“मी येते,” मी म्हटलं. “आरीला हात लावू नका. आहे तशी ठेवा.”

मामाला धक्का बसला. मी स्वतःहून परक्या गावात जाते म्हणाले, याचा. “छोटी, तू? तिथं पन्नास बाया राहतीन. बोलाव लागते तिथं.” मी म्हटलं, बोलायचं नाही, फक्त पाहायचं आहे. स्कूटीच्या डिकीत हत्यारं, मल्टिमीटर, चांगली चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणि थिनरची बाटली घातली आणि उजाडताच निघाले. थंडी होती. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे बुंधे दवानं ओले होते. माझी बोटं ब्रेकवर आखडली होती.

ज्योत्स्नाताईंनी आरी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून कोठीवर ठेवली होती. मी ती काढली, ट्रिगर दाबला. मोटर घुंई करून थांबली, बॅटरीवरचा लाल दिवा लुकलुकला. पातं जागचं हललं नाही.

मला इतका आनंद झाला की मी ज्योत्स्नाताईंकडे पाहून हसले. त्यांना ते विचित्र वाटलं असणार. त्यांच्या घरात मुर्दा पडल्यासारखं वातावरण, आणि ही दुकानातली मुलगी हसते आहे.

पण आनंद तेवढ्यापुरताच. दुसरी बॅटरी लावली, तेच. टोकं स्वच्छ. ट्रिगर ठीक. कार्बन ठीक. मोटरला वीज मिळत होती, तिला फिरायचं होतं, पण पुढून कोणीतरी दांडा धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. बॅटरी काढून ठेवली आणि पातं हातानं ओढून पाहिलं. आत जाईना, बाहेर येईना. पकडीची कडीही फिरेना.

“थांबा जी,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या, “उनात ठेवतो. चालन मंग.”

ऊन वर आल्यावर त्यांनी आरी गोठ्याच्या टिनावर ठेवली. आम्ही दोघी खाली उभ्या राहून तिच्याकडे पाहत होतो. बऱ्याच वेळानं काढली. काळं रबरी तोंड हाताला चांगलं गरम लागत होतं. बॅटरी लावली, ट्रिगर दाबला. एक गचका, आणि आरी चालली.

“पवनीला येताना एसटीत पिशवी कुठे ठेवता?” मी विचारलं.

“डायवरजवळ बोनेटवर. वजनदार राहते ना.”

म्हणजे माझ्या टेबलावर ती दर वेळी इंजिनाच्या उबेवर शेकून येत होती. एवढं कळलं. पण थंडीत आरी का अडते, हे कळेना. वंगण गोठतं म्हणावं तर आमची थंडी ती केवढी. याच थंडीत दुसऱ्यांच्या आऱ्या चालतात. मी पुढचं रबरी टोपण काढलं. आतल्या दांड्यावर, पकडीच्या कडीत, सगळीकडे मधाच्या रंगाचा पातळ पापुद्रा होता. चकचकीत. दुकानात मी ज्याला स्वच्छता समजले होते ती हीच चकाकी. रॉकेलचा बोळा घासला, काही फरक नाही. नखानं खरवडलं, नख घसरलं. वास घेतला. वास ओळखीचा होता आणि कशाचा ते आठवत नव्हतं. माशासारखा, थोडा शेंगदाण्यासारखा, दोन्ही नाही. मी तो दांडा सोडवून बाहेर काढला आणि नाकाशी धरून अंगणात बसून राहिले. एका शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, “मॅडम मशीनले हुंगून काहून राहिली वो?” ज्योत्स्नाताई म्हणाल्या, “तपासून राहिली,” आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडत चालला आहे.

“चला, दोन घास खाऊन घ्या,” त्या म्हणाल्या. नाही म्हणायला मला जमत नाही. लाखोळीची डाळ, भात, वांग्याची भाजी. भाजीचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि मी थांबले.

“तिखट झालं का?”

“नाही. हा वास कशाचा?”

“जवसाचं तेल हाय,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तुमच्या घरी नाही खात? आमी जवसावरच हाओ. थांबा, दुसरं देतो.”

आमच्या घरी आजी होती तोवर जवसाचं तेल होतं. नंतर आईनं बंद केलं. मी घास तसाच ठेवला, बाहेर जाऊन आरीचा दांडा आणला, एकदा तो हुंगला, एकदा भाजी. पुन्हा दांडा. मग मी तो प्रश्न विचारला जो इतक्या दिवसांत विचारला नव्हता. आरी चालताना काय होतं, हेच मी विचारत राहिले होते. काम संपल्यावर तिचं काय करतात, हे कोणीच विचारलं नव्हतं.

“संध्याकाळी आरी ठेवताना काय करता, ताई?”

त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्या उठल्या, दाराआडची कुऱ्हाड घेऊन आल्या. “हे माह्या बाबाची. आता ते नाहीत. त्यायनं शिकवलं, काम झालं का पुसाचं, अन् लोखंड गरम हाय तोवर जवसाच्या तेलाचा हात फिरवाचा. पाहा, हाय का कुठी गंज?” मी पाहिली. कुऱ्हाडीवर पॉलिश केल्यासारखी झळाळी होती. हात फिरवला तर तेलकट काही लागलं नाही. कोरडी, गुळगुळीत. “आरीलेबी तसंच करतो,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “रोज. एक दिवस नाही चुकवला.”

झालं असं होतं. जवसाचं तेल हवेत राहिलं की वाळतं आणि त्याची कातडी धरते. कुऱ्हाडीला हेच हवं असतं. त्या कातडीतून पाणी जात नाही, लोखंड गंजत नाही. त्यांच्या वडिलांचं काही चुकलं नव्हतं. पण कुऱ्हाडीला आत-बाहेर होणारा दांडा नसतो. आरी गरम असताना पातळ तेल दांड्याच्या फटीतून आत ओढलं जायचं, रात्रीतून तिथेच वाळायचं. सकाळी दांडा चिकटलेला. उन्हानं कातडी मऊ पडली की सुटायचा. संध्याकाळी पुन्हा नवा हात. त्या जितकी काळजी घेत होत्या, तितकी आरी अडत होती.

मी हे सगळं तुटक-तुटक सांगितलं. सांगून झाल्यावर कळलं की हे सांगणं किती वाईट आहे. ज्योत्स्नाताई कुऱ्हाड मांडीवर घेऊन खाली बसल्या.

“म्हंजे मीच मारत होती तिले.”

मी घरून निघाले तेव्हा मला वाटत होतं की मी बिघाड शोधला की ज्योत्स्नाताई सुटतील. बिघाड सापडला होता, आणि तो त्यांच्या हातचा निघाला होता. शकुंतलाबाई इतके दिवस हवेत म्हणत होत्या ते खरं ठरणार होतं. मीच ते खरं ठरवणार होते.

थिनरनं पापुद्रा हळूहळू सुटला. पितळी ब्रशनं घासत होते आणि डोक्यात काही ठरत नव्हतं. मामाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “स्प्रिंग खराब होती, बदलली म्हन. बाईले बाजूले घेऊन सांगून दे का तेल लावू नोको. कोनाचंच वाईट नाही. अन् लवकर ये, इथं दोन पंप येऊन पडले.”

मामाचं म्हणणं चुकीचं वाटेना. पण स्प्रिंग म्हटलं तरी शकुंतलाबाई विचारणार, कोणाच्या हातात तुटली? खरं सांगितलं तर विचारायचीही गरज नाही. खोटं बोलून ज्योत्स्नाताई वाचत नव्हत्या आणि खरं बोलून बुडत होत्या. मी ज्योत्स्नाताईंना विचारलं, काय सांगू? त्या म्हणाल्या, “तुमाले पटते ते सांगा. मी मान हालवतो.” याचा मला राग आला. सगळं माझ्यावर टाकल्याचा. मग लक्षात आलं, त्यांच्याकडे टाकायला दुसरं माणूस नव्हतं.

बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर होती. पन्नास नव्हत्या, पण माझ्यासाठी पुरेशा होत्या. शकुंतलाबाई मध्ये. भाचा ओट्याखाली मोटरसायकलला टेकून उभा. मी आरी सतरंजीवर ठेवली. ती सावलीत थंड झाली होती. ट्रिगर दाबला. लगेच चालली.

“पाहा वो! चालली पुन्हा!” एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. “मॅडमले आता गावातच ठेवून घ्या!”

शकुंतलाबाई हसल्या नाहीत. “बोला मॅडम. मशीन खराब का हात खराब?”

थिनर लावण्याआधी सुरीनं कागदावर खरवडून घेतलेला तो मधाच्या रंगाचा पापुद्रा मी शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला. तिनं नाकाशी नेला. “हे तं जवस हाय,” ती म्हणाली. कागद हातोहात फिरला. जवस हाय, जवसच हाय. मशीनमध्ये जवस कुठून आलं? मग एकेक मान ज्योत्स्नाताईंकडे वळली. त्यांनी मान हलवली. मला म्हणाल्या होत्या तशी.

“मी रोज लावत होती. गंजू नये म्हनून.”

“आमी बी तं विळ्याले तेच लावतो,” म्हातारी म्हणाली. “मीही लावली असती,” दुसरी म्हणाली. पण शकुंतलाबाईंनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला लिहायलाच हवं. एक भानगड मिटल्याचं समाधान होतं.

“तिनं मुद्दाम नाही केलं, मान्य. पन आरी तिच्याच हातानं अडकली का नाही? मंग झालं. चाल रे, उचल.”

भाचा ओट्यावर चढला. आरी उचलून त्यानं हवेतच ट्रिगर दाबला, पातं आत-बाहेर होताना पाहून खूश झाला. “टेन्शन नोको घेऊ, मावशी,” तो म्हणाला. “मी जवस-बिवस नाही लावत. ट्रॅक्टरचं जळलेलं ऑइल मारीन रोज. झकास पळन.”

जळलेल्या ऑइलमध्ये भुसा कालवला की चिखल होऊन आरी कशी अडते ते माझ्या टेबलावर रोज येतं. हे मला माहीत होतं. भाच्याला माहीत नव्हतं. शकुंतलाबाईंना नव्हतं. ज्योत्स्नाताई सतरंजीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. एवढ्या सगळ्या बायकांपुढे बोलायचा मला काही अधिकार होता का, आणि मी बोलले ते बरोबर होतं का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी फक्त दुरुस्तीला आले होते. मी उभी राहिले, भाच्याच्या हातातून आरी घेतली आणि आधी तिची बॅटरी काढली, कारण दुसऱ्याच्या हातात आरी देताना तसं करायचं असतं. मग ती ज्योत्स्नाताईंच्या पुढ्यात ठेवली.

“चूक यांचीच आहे,” मी म्हटलं. “पण ती चूक पुन्हा कधीच न करणारं माणूस तुमच्या गावात एकच आहे. आरी यांच्याकडेच राहू द्या.”